पंचाविना न्याय : 'अल्टिमेट' या चकतीच्या खेळाच्या नियमसंहितेची चिकित्सा

सारांश :
'अल्टिमेट' हा हवेत तरंगणाऱ्या चकतीने खेळला जाणारा सांघिक खेळ होय. जागतिक स्पर्धांतही तो निर्णायक पंचाशिवाय खेळला जातो, हे त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. प्रस्तुत लेखात या खेळाचे नियम ही एक वैचारिक संहिता आहे असे मानून तिचे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. पंच नसणे ही गोष्ट मराठी मुलांच्या खेळांना नवी नाही. किंबहुना आपल्याकडे पंच हा उशिरा आलेला पाहुणा आहे. त्यामुळे अल्टिमेटचे खरे योगदान पंच वगळण्यात नसून मतभेद मिटविण्याची रीत लिहून काढण्यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. या रीतीचे गुण व मर्यादा वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात तपासल्या आहेत.

बीजसंज्ञा : अल्टिमेट, उडती चकती, पंच, खेळभावना, खो-खो, आट्यापाट्या, सहशिक्षण.

१. प्रस्तावना :
शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात नव्या खेळांचे स्वागत बहुधा दोन प्रकारे होते. एक वर्ग त्यास परदेशी खूळ म्हणून बाजूस सारतो, तर दुसरा वर्ग स्पर्धेच्या यादीत आणखी एक नाव वाढले म्हणून त्याचा स्वीकार करतो. दोन्ही भूमिकांमध्ये त्या खेळामागील विचाराची चिकित्सा होत नाही. अल्टिमेटच्या बाबतीतही असेच घडण्याची शक्यता आहे. चेन्नई, अहमदाबाद, बंगळूर, मुंबई, पुणे अशा शहरांतून हा खेळ रुजला आहे. मुले व मुली एकाच संघातून खेळतात, पंच नसतो, साहित्य म्हणून एक चकती पुरते, अशी त्याची प्रशंसा केली जाते. ही प्रशंसा कितपत योग्य आहे आणि ग्रामीण महाविद्यालयाच्या मैदानावर ती कितपत टिकेल, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०२२ साली पुण्यात बालेवाडी येथील क्रीडासंकुलात 'अल्टिमेट खो-खो' या नावाची व्यावसायिक स्पर्धा झाली. तिचा आणि प्रस्तुत खेळाचा संबंध केवळ नामसाम्यापुरता आहे.

२. चकतीचा प्रवास :
अमेरिकेतील ब्रिजपोर्ट येथील फ्रिस्बी बेकरीच्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकून खेळत, असे सांगितले जाते. प्लॅस्टिकची चकती तयार केली ती वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांनी. १९५७ साली व्हॅम-ओ या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने तिचे हक्क घेतले व त्याच वर्षी तिला 'फ्रिसबी' हे नाव दिले. हे व्यापारी नाव असल्यामुळे खेळाच्या अधिकृत परिभाषेत 'उडती चकती' असाच उल्लेख होतो. एड हेड्रिक यांनी १९६० च्या दशकात चकतीच्या रचनेत सुधारणा केली. पुढे १९७० च्या दशकात चकतीच्या गोल्फचा प्रसारही त्यांनीच केला.

अल्टिमेटचा जन्म न्यू जर्सी राज्यातील मेपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलमध्ये १९६८ साली झाला. जोएल सिल्व्हर या विद्यार्थ्याने पुढाकार घेतला. १९७० मध्ये सिल्व्हर, बझी हेलरिंग व जॉन हाइन्स यांनी नियम लिहून काढले आणि त्याच वर्षी शेजारच्या मिलबर्न हायस्कूलशी पहिला आंतरशालेय सामना झाला. जागतिक उडती चकती महासंघाची स्थापना १९८५ ची. २००१ साली जपानमधील अकिता येथील जागतिक क्रीडा स्पर्धेत या खेळास पदकाचा दर्जा मिळाला. २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने महासंघास पूर्ण मान्यता दिली. ऑलिंपिकच्या कार्यक्रमात मात्र त्याचा समावेश अद्याप झालेला नाही.

खेळाचे स्वरूप सोपे आहे. मैदान १०० मीटर लांब व ३७ मीटर रुंद असते व दोन्ही टोकांना १८ मीटरचे गोलक्षेत्र असते. प्रत्येक संघात सात खेळाडू असतात. १७५ ग्रॅम वजनाची चकती हातात असताना धावता येत नाही. एक पाय रोवून दहाची मोजणी पूर्ण होण्यापूर्वी ती सहकाऱ्याकडे फेकावी लागते. चकती जमिनीवर पडली, सीमेबाहेर गेली किंवा प्रतिपक्षाने अडविली की ताबा बदलतो. गोलक्षेत्रात ती झेलली की गुण मिळतो. अंगाला अंग लावून खेळणे निषिद्ध आहे. मिश्र गटात एका लिंगाचे चार व दुसऱ्या लिंगाचे तीन असे खेळाडू एका वेळी मैदानात असतात.

३. नियमसंहितेचे वाचन :
बहुतेक खेळांच्या नियमपुस्तिका मैदानाच्या मोजमापाने सुरू होतात. अल्टिमेटची जागतिक नियमसंहिता 'खेळभावना' या कलमाने सुरू होते. हा केवळ उपदेशपर मजकूर नाही, कारण पुढील सर्व कलमांचा अर्थ या पहिल्या कलमावर अवलंबून आहे. तिच्यातील तीन गोष्टी विशेष विचारार्ह आहेत.

पहिली गोष्ट गृहीतकाची आहे. कोणताही खेळाडू जाणूनबुजून नियम मोडणार नाही, असे संहिता धरून चालते. त्यामुळे चुकीस कठोर शिक्षा नाही. नियमभंग झाला नसता तर जे बहुधा घडले असते, ती स्थिती पुन्हा निर्माण करून खेळ पुढे चालू करावा, एवढेच सांगितले आहे. कबड्डीत हिरवे, पिवळे व लाल कार्ड असते. तेथे नियमभंगाचे उत्तर दंड हे आहे. येथे ते भरपाई हे आहे. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर हा दंडनीतीकडून पुनःस्थापनेकडे झालेला प्रवास होय.

दुसरी गोष्ट तक्रारीच्या अधिकाराची आहे. धक्का लागल्याची तक्रार ज्यास धक्का लागला त्यानेच करावयाची असते. प्रशिक्षकाने, प्रेक्षकाने वा कर्णधाराने ती त्याच्या वतीने करावयाची नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने ती मान्य करावी किंवा अमान्य करावी. दोघांनी आपली बाजू थोडक्यात, आदराने मांडावी, समोरच्याचे ऐकावे आणि ज्याला प्रसंग नीट दिसला त्याच्या सांगण्यास महत्त्व द्यावे. आपण चुकीची तक्रार केली असे लक्षात आल्यास ती मागे घ्यावी. तसेच सहकाऱ्याने चुकीची तक्रार केली असेल तर त्यालाही तसे सांगावे. आपल्या पक्षाच्या विरुद्ध साक्ष देणे हे येथे फितुरी न ठरता कर्तव्य ठरते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, चर्चेनंतरही एकमत झाले नाही तर चकती वाद सुरू होण्यापूर्वी ज्याने निर्विवादपणे फेकली होती त्याच्याकडे परत जाते. कोणी खोटे ठरत नाही, कोणी जिंकत नाही. मतभेद शिल्लक राहिला हीच एक मान्य निष्पत्ती ठरते. सामान्यतः पंचाची गरज नेमकी याच ठिकाणी भासते, कारण दोघांपैकी एकास खोटे ठरविल्याशिवाय खेळ पुढे जाणार नाही असे आपण समजतो. संहितेने हीच समजूत नाकारली आहे.

४. मराठी खेळांत पंचाचे आगमन :
या संहितेकडे पाहून 'हे पाश्चात्त्यांनाच जमते' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. विटीदांडू, लगोरी, सूरपारंब्या, गोट्या हे सर्व खेळ आपल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या पंचाशिवायच खेळले गेले. मुलांच्या बोलीत त्यांची एक अलिखित न्यायव्यवस्थाच आढळते. वाद मिटला नाही की 'पुन्हा डाव' खेळला जाई. हा नियम आणि चकती परत पाठविण्याचा नियम यांत तत्त्वतः फरक नाही. खोटेपणास 'रडीचा डाव' ही संज्ञा होती व तो शिक्का पुसणे सोपे नव्हते. साक्षीच्या जागी शपथ होती. लहानग्यास 'कच्चे लिंबू' म्हणून डावात घेतले जाई. तो बाद झाला तरी बाद धरला जात नसे. विषम क्षमतेच्या खेळाडूंना एकाच डावात सामावून घेण्याची इतकी सुटसुटीत युक्ती आधुनिक नियमपुस्तिकांत क्वचितच सापडेल. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, हुतूतू, हमामा अशा खेळांवर अभंग आहेत. खेळातील डाव, गडी, हार ही भाषा अध्यात्माच्या निरूपणास चालते, यावरून ती श्रोत्यांच्या किती अंगवळणी पडली होती याची कल्पना येते.

पंच आला तो विसाव्या शतकात, खेळांच्या प्रमाणीकरणाबरोबर. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम निश्चित करण्याचे काम हाती घेतले. १९२४ मध्ये बडोद्याहून खो-खोचे नियम प्रसिद्ध झाले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये खो-खो व आट्यापाट्या यांची नियमावली प्रकाशित केली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोदे येथून संपादित केलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'च्या खंडांतून हे सर्व ज्ञान ग्रंथबद्ध झाले. आपल्या विभागाचा यातील वाटा मोठा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची असून या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. जगासमोर जावयाचे तर खेळास मोजलेले मैदान, ठरलेली वेळ, छापील नियम आणि निःपक्ष पंच हवा, ही त्या काळाची धारणा होती आणि ती योग्यही होती. २०२५ च्या जानेवारीत दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्रातील खेळाडूंकडे होते. प्रमाणीकरणाची ही फलश्रुती नाकारता येणार नाही.

५. पंचरहित खेळाची दुसरी बाजू :
मग पंचाच्या आगमनाने आपण काही गमावले काय? या प्रश्नाचे उत्तर भाबडेपणाने देता येत नाही. गावातील पंचरहित खेळ न्याय्य होते असे म्हणणे हे स्मरणरंजन ठरेल. ज्याची बॅट त्याची पहिली पाळी, हाही अलिखित नियमच होता. बॅटचा मालक बाद झाला की तो बॅट घेऊन घरी जाई व डाव मोडे. वादात वयाने मोठ्याचा, अंगाने दांडग्याचा किंवा वजनदार घरातील मुलाचा शब्द चाले. सामाजिक उतरंडीत खाली असलेल्या मुलाने 'तू बाद आहेस' असे म्हणावे आणि ते ऐकले जावे, ही गोष्ट सहज घडणारी नव्हती. मुली तर एका वयानंतर मैदानावरून दिसेनाशाच होत.

या पार्श्वभूमीवर पंच हा दुर्बलांचा आधार ठरला. शिट्टी वाजविणारी व्यक्ती दोन्ही पक्षांच्या बाहेरची असते, म्हणूनच वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या समाजांचे संघ एकमेकांविरुद्ध विश्वासाने उतरू शकले. तेव्हा पंच नको असे म्हणणाऱ्या कोणत्याही खेळास एक प्रश्न विचारणे भाग आहे. पंचाच्या जागी काय येते? तेथे बलवानाचा शब्द येत असेल तर तो खेळ पुढे गेला नसून मागे गेला असे म्हणावे लागेल.

अल्टिमेटच्या संहितेचे मोल याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. तिने पंच काढला, परंतु त्याची जागा मोकळी सोडली नाही. कोणी बोलावे, केव्हा बोलावे, कसे ऐकावे आणि एकमत न झाल्यास काय करावे, हे सर्व तिने लिहून ठेवले. आपल्या 'पुन्हा डाव'मध्ये जे शहाणपण होते ते अलिखित होते, म्हणून ते बलवानाच्या मर्जीवर होते. येथे तेच लिखित आहे, म्हणून निदान तत्त्वतः ते सर्वांच्या हाती आहे.

६. संहितेच्या मर्यादा :
तत्त्वतः हा शब्द येथे हेतुपुरस्सर वापरला आहे. संहितेच्या तीन मर्यादा स्पष्ट दिसतात.

(अ) ज्ञानाची विषमता : जो नियम जाणतो तोच येथे प्रभावी ठरतो. मूळ संहिता इंग्रजीत असून तिची भाषा कायद्याच्या कलमांसारखी आहे. इंग्रजी माध्यमातून शिकलेला शहरी खेळाडू आणि मराठी माध्यमातून आलेला खेळाडू समोरासमोर आले असता वाद कोण जिंकेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. दांडगाईची जागा वाक्चातुर्याने घेतली तर केवळ बळाचा प्रकार बदलला, एवढेच म्हणता येईल.

(आ) सौजन्याचे गुणांकन : सामन्यानंतर प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्यास खेळभावनेचे गुण देतो. नियमांचे ज्ञान व वापर, धक्काबुक्की टाळणे, निःपक्षपणा, सकारात्मक वृत्ती व आत्मसंयम, संवाद असे पाच निकष असून प्रत्येकास शून्य ते चार गुण असतात. दोन गुण म्हणजे नेहमीचा चांगला खेळ. कल्पना स्तुत्य आहे. तथापि अंतर्गत मूल्यमापनाचा अनुभव असलेल्या प्राध्यापकांना तिच्यातील धोका समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जेथे गुण परस्परांनी द्यावयाचे असतात तेथे औदार्य वाढते आणि परीक्षण घटते. गुणपत्रिकेपेक्षा सामन्यानंतर दोन्ही संघांनी मिसळून रिंगण करून उभे राहणे व झाल्या खेळाविषयी बोलणे ही प्रथा अधिक अर्थपूर्ण वाटते. आपल्याला रिंगण परके नाही.

(इ) व्यावसायिकतेचा ताण : २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने सामन्यांसाठी पंच नेमले. अमेरिकेतील इतर मोठ्या स्पर्धांत खेळाडूंमध्ये एकमत न झाल्यास निर्णय देणारे निरीक्षक असतात. जागतिक महासंघाच्या स्पर्धांत सल्लागार असतात, पण ते अंतिम निर्णय देत नाहीत. पैसा, प्रेक्षक व प्रक्षेपण आले की पंच परत येतो, असा याचा अर्थ लावता येईल. परंतु त्याच व्यावसायिक लीगमध्ये पंचाचा निर्णय आपल्या बाजूने चुकीचा लागला असल्यास तो खेळाडूने स्वतः फिरविण्याची मुभा ठेवलेली आहे, हेही नमूद केले पाहिजे. पंच आला, तरी खेळाडूची जबाबदारी संपली असे तेथे मानलेले नाही.

७. वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांचा आहे. लोकवस्ती प्रामुख्याने ग्रामीण असून उच्च शिक्षण संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येते. येथे हा खेळ आणावयाचा झाल्यास 'एका चकतीत भागते' हे विधान तपासून घ्यावे लागेल. चकती स्वस्त असली तरी १०० मीटरचे मैदान स्वस्त नाही. खो-खोचे क्रीडांगण साधारणतः २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, कबड्डीचे त्याहून लहान. मुरमाच्या कठीण मैदानावर चकतीसाठी झेप घेणे म्हणजे कोपर व गुडघे सोलवटून घेणे होय आणि काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल तर उन्हाळ्यात भेगा. म्हणून पाच खेळाडूंचा, लहान मैदानावरचा आणि झेप वर्ज्य केलेला प्रकार येथे अधिक व्यवहार्य ठरेल.

खरा प्रश्न मैदानाचा नाही, आवाजाचा आहे. खेड्यातून एस. टी. बसने ये-जा करणारी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी मिश्र संघात उतरली आणि तिला मुलाचा धक्का लागला, तर संहितेनुसार 'फाउल' हा शब्द तिनेच मोठ्याने उच्चारावयाचा आहे. तिच्या वतीने कोणी शिट्टी वाजविणार नाही. हीच या खेळाची सर्वांत मोठी शैक्षणिक शक्यता आहे आणि हाच सर्वांत मोठा धोका आहे. ती बोलली आणि समोरच्याने ऐकले, तर वर्गातील अनेक व्याख्यानांनी जे साधणार नाही ते साधेल. ती गप्प राहिली, तर नियमानुसार काही घडलेच नाही असे धरले जाईल आणि तिच्या मौनावर निःपक्षतेचा शिक्का बसेल. पंचाने निदान तिला न बोलता न्याय दिला असता.

दुसरी अडचण आपल्याच बाजूची आहे. वाद उद्भवला की आपले विद्यार्थी क्रीडा संचालकांकडे पाहतात आणि 'सर, तुम्हीच सांगा' म्हणतात. वर्गातही उत्तर शिक्षकाने सांगावे व विद्यार्थ्याने लिहून घ्यावे, हीच रीत आहे. मैदानावरून पंच हटविला तरी मनातील पंच हटत नाही. शिक्षकाने त्या क्षणी उत्तर न देण्याचा संयम पाळणे, हे विद्यार्थ्यांनी नियम शिकण्याइतकेच कठीण आहे.

या दृष्टीने काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, नियमांचा मराठीत अनुवाद व्हावा व तो बोलीच्या जवळचा असावा. 'थाळी' हा शब्द थाळीफेकीशी घोटाळा करील, म्हणून 'चकती' बरा. 'फाउल' मात्र सर्वांना ठाऊक आहे, तो तसाच ठेवावा. दुसरी, मिश्र सामना प्रारंभीच खेळवू नये. मुलींना आधी आपसांत खेळून तक्रार करण्याची व ती फेटाळण्याचीही सवय व्हावी. तिसरी, ही रीत शिकण्यासाठी चकतीची वाट पाहण्याचे कारण नाही. खो-खो किंवा आट्यापाट्यांचा सरावाचा एखादा डाव पंचाशिवाय, पण वाद मिटविण्याची रीत आधी फळ्यावर लिहून खेळविता येईल. ज्या परंपरेत 'पुन्हा डाव' होता तिला हे अवघड जाऊ नये.

८. निष्कर्ष :
१) पंच नसणे हे अल्टिमेटचे वैशिष्ट्य असले तरी त्याचे श्रेष्ठत्व त्यात नाही. मराठी मुलांचे खेळ दीर्घकाळ पंचाशिवायच चालत आले आहेत.
२) प्रमाणीकरणाबरोबर आलेला पंच हा परंपरेचा ऱ्हास नसून विषम समाजात दुर्बल खेळाडूस मिळालेले संरक्षण होते.
३) अल्टिमेटच्या संहितेचे योगदान मतभेदाची रीत लिखित करण्यात, दंडाऐवजी भरपाई स्वीकारण्यात आणि न मिटलेला मतभेदही मान्य करण्यात आहे.
४) ही रीत ज्यांना बोलण्याची सवय व मुभा आहे त्यांच्याच उपयोगाची राहण्याचा धोका आहे. म्हणून ग्रामीण महाविद्यालयांत खेळाच्या कौशल्याआधी तक्रार करण्याचे व ऐकून घेण्याचे शिक्षण दिले पाहिजे.
५) हा खेळ यशस्वी झाला की नाही, याची कसोटी विद्यापीठाच्या संघनिवडीत वा पदकांत शोधू नये. मैदानावरील सर्वांत बुजऱ्या खेळाडूने 'फाउल' म्हटले आणि खेळ थांबला काय, ही ती कसोटी होय.